तेहतीस वर्षे आणि छत्तीस हजार रुपये

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्याचा निकाल दिला. वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही, असे न्यायालयाकडून वदवून घेण्यासाठी डॉक्टरांची संघटना तिथवर गेली होती. न्यायालयाने उलटाच निर्वाळा दिला. पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर सेवा देतो, ती घेणारा रुग्ण ग्राहक ठरतो आणि उपचारात हयगय झाली तर तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. या निकालाने रुग्णाला जिल्ह्याच्या गावी न्याय मागण्याची सोय झाली. विमा एजंटाच्या हाती तोवर फारशी न खपणारी एक पॉलिसी आली, तीही याच निकालाने. व्यावसायिक चुकीपोटी द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा विमा, म्हणजेच प्रोफेशनल इन्डेम्निटी.

विम्याच्या धंद्यातली माणसे या बाजाराच्या वाढीचे श्रेय खासगी कंपन्यांना, त्यांच्यातल्या स्पर्धेला आणि नवनव्या योजनांना देतात. मला ते पटत नाही. कंपन्या आल्या त्या नंतर. कोर्टाची पायरी न सोडणारी काही साधी कुटुंबे त्याआधी कित्येक वर्षे लढत होती, आणि त्यांच्या लढ्यातून व ग्राहक चळवळीतूनच भरपाईची भीती व त्या भीतीतून पॉलिसीची गरज जन्माला आली. त्यातले एक कुटुंब आपल्याच मराठवाड्यातल्या दवाखान्यात होरपळलेले होते.

जुलै १९६३. औरंगाबादचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन सात वर्षे झाली होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलाच एक तालुका. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबादकडच्या माणसांना सरकारी मोठा दवाखाना म्हणजे औरंगाबाद. महाविद्यालयाला जोडलेल्या तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये १० जुलैला एक बाई बाळंत झाली. मुलगा झाला. बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायची हे आधीच ठरलेले होते, ती १३ तारखेला झाली. त्यानंतर तिला ताप चढला आणि पोटात असह्य कळा सुरू झाल्या. एवढ्या साध्या शस्त्रक्रियेनंतर असे व्हायला नको होते. नवरा डॉक्टरांच्या मागे फिरत राहिला. अखेर १९ जुलैला दुसऱ्या शल्यचिकित्सकाने पोट पुन्हा उघडले. आत पू साचला होता आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी राहून गेलेला टॉवेल होता. तो काढला, पू उपसला, टाके घातले. २४ जुलैला ती गेली.

नवरा आणि मुले यांनी राज्य सरकार व डॉक्टरांविरुद्ध दिवाणी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला. सरकारी दवाखाना चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, त्यातल्या नोकराच्या चुकीसाठी राज्याकडे भरपाई मागता येत नाही, ही भूमिका तेव्हा सरकारच्या बाजूने वजनदार होती. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने आज कायद्याच्या पुस्तकांत असलेला तो निकाल २० फेब्रुवारी १९९६ रोजी लागला. पोटात टॉवेल राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा. तो नेमका कोणत्या हाताने राहिला हे रुग्णाच्या घरच्यांनी सिद्ध करत बसण्याची गरज नाही. दवाखाना चालवणे हे सार्वभौम कार्य नव्हे, राज्याने भरपाई दिली पाहिजे. खालच्या कोर्टाचा ३६,००० रुपयांचा आकडा कायम झाला. मधल्या काळात जवळपास तेहतीस वर्षे गेली होती. त्या बाळंतपणात जन्मलेला मुलगा वयाची बत्तीस वर्षे ओलांडून गेला होता.

या खटल्यात माझे लक्ष एका गोष्टीकडे जाते. दुसऱ्यांदा पोट उघडणारा डॉक्टर कुटुंबाच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. त्याच गावात, त्याच दवाखान्याशी बांधलेल्या माणसाने हे करणे सोपे नव्हते. वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यांत असा साक्षीदार मिळणे आजही सर्वांत अवघड असते, आणि तो मिळत नाही म्हणून कित्येक खरी गाऱ्हाणी बुडतात.

याआधीचा महाराष्ट्रातला गाजलेला खटला पुण्याचा. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले. तिथे हाड बसवताना भूल न देता जादा जोर लावला गेला आणि ९ मेच्या रात्री तो दगावला. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या खटल्यात वादी आणि प्रतिवादी दोघेही डॉक्टर होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे सूत्र त्या निकालाने घालून दिले. वकील ते अजून उद्धृत करतात.

या दोन्ही गोष्टींत विमा कंपनी कुठेच नाही. लंडनच्या डॉक्टरांनी १८८५ सालीच ‘मेडिकल डिफेन्स युनियन’ काढून एकमेकांच्या बचावाची सोय केली होती. सभासदावर खटला झाला तर वकील आणि पैसा संघटना पुरवी. आपल्याकडे विमा होता तो आगीचा, जहाजांवरच्या मालाचा, मोटारीचा. १९७१ मध्ये सरकारने सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि १ जानेवारी १९७३ पासून शंभराहून अधिक कंपन्या चार कंपन्यांत विलीन झाल्या: न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. चौघींची मालकी एकाच महामंडळाकडे. डॉक्टरसाठी, वास्तुविशारदासाठी, सनदी लेखापालासाठी उत्तरदायित्वाची पॉलिसी त्यांच्याकडे असली, तरी ती घ्यायला लावणारी भीती बाहेर नव्हती. भरपाईच्या दाव्याला पिढी उलटते म्हटल्यावर कोण हप्ता भरेल?

ती भीती ग्राहक चळवळीने आणली, आणि त्या चळवळीची एक मोठी शाखा मराठी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्याला एक मंच, कोर्ट फीची कटकट नाही, वकील नसला तरी चालेल आणि निकाल काही महिन्यांत लागावा अशी अपेक्षा. १ मे १९८१ ला औरंगाबादमधले चार आणि परभणीतले परतूर असे तालुके घेऊन जालना जिल्हा झाला होता, म्हणूनच जालन्याला स्वतःचा मंच मिळू शकला. सुरुवातीला जिल्हा मंचाची मर्यादा १ लाख रुपये होती, १९९३ मध्ये ती ५ लाख झाली आणि २००३ मध्ये २० लाख.

जालन्यात या कायद्याची ताकद आधी बियाण्यांच्या बाबतीत कळते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको काढली आणि पुढे हे शहर देशाच्या बियाणे व्यापाराचे केंद्र झाले. बारवाले यांना १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून महिकोच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाची गोष्ट मान्य केली: शेतकरी विकत घेतलेले सगळे बी पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना राखून ठेवत नाही, म्हणून केवळ नमुना नाही या कारणावर त्याची तक्रार फेटाळता येणार नाही. बी उगवले नाही तर तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येते, पंचनामा करते, उगवण मोजते. पीक तिथे उभे असते, उद्या पुन्हा जाऊन पाहता येते. रुग्णाच्या बाबतीत असे काही नसते. त्याचे कागद दवाखान्याच्या कपाटात, आणि तो मेला असेल तर शवविच्छेदन झालेच असेल असेही नाही. शेतकऱ्याला जी सवलत न्यायालयाने दिली, तिच्या जवळपास जाणारी गोष्ट रुग्णाला फक्त टॉवेलसारख्या उघड चुकीत मिळते. बाकी सगळीकडे तज्ज्ञाचे मत आणा, असे त्याला सांगितले जाते. ही तफावत मला अन्यायाची वाटते.

१९९५ नंतर पॉलिसी खपू लागली. तिची रचना समजून घेणे गरजेचे आहे, कारण स्पर्धेचा खेळ त्या रचनेतच दडलेला आहे. आगीच्या विम्यात आग लागली त्या दिवशी पॉलिसी चालू असली की झाले. डॉक्टरांच्या पॉलिसीत तसे नाही. उपचार कधी झाला यापेक्षा दावा कधी दाखल झाला हे पाहिले जाते, आणि तो ज्या वर्षी आला त्या वर्षीच्या पॉलिसीतून भागवला जातो. अट अशी, की उपचार एका ठरावीक मागच्या तारखेनंतर झालेला असावा. तिला रेट्रोॲक्टिव्ह डेट म्हणतात. साधारणपणे पहिल्यांदा पॉलिसी घेतली तो दिवस. सलग नूतनीकरण केले तर ती तारीख टिकते. एक वर्ष खंड पडला, की मागच्या सगळ्या वर्षांचे संरक्षण जाऊ शकते. शस्त्रक्रिया आज, नोटीस दीड वर्षाने, आणि मधे डॉक्टर निवृत्त होऊन हप्ता बंद झालेला, असे घडले तर पॉलिसीची वीस वर्षांची पुण्याई कामी येत नाही.

हप्ता ठरतो विषयावरून. नुसता तपासून औषध देणारा फिजिशियन कमी जोखमीचा, शल्यचिकित्सक त्याहून जास्त, भूलतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन आणखी वर. एका दाव्याला किती आणि वर्षभरात मिळून किती, अशा दोन मर्यादा असतात. वकिलाचा खर्चही बहुधा त्याच मर्यादेतून वजा होतो. दारूच्या अमलाखाली केलेला उपचार, फौजदारी दंड, पात्रता नसलेल्या माणसाकडून करवून घेतलेले काम, हे सहसा बाहेर. शेवटची अट छोट्या गावात फार बोचते. नोंदणीकृत परिचारिका मिळत नाही म्हणून हाताखाली शिकवलेल्या पोरीकडून इंजेक्शन दिले जाते, आणि दावा आल्यावर कंपनी पहिला प्रश्न तिच्या प्रमाणपत्राचा विचारते.

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले. २००० च्या अखेरीपासून खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. पुण्याची बजाज अलायन्झ त्या पहिल्या फळीतली. १ जानेवारी २००७ रोजी आग, अभियांत्रिकी आणि मोटारीचे स्वतःचे नुकसान यांवरचे बांधील दर उठले, आणि कारखान्यांच्या विम्याचे हप्ते कोसळले. तिथला नफा आटला तेव्हा कंपन्यांनी उत्तरदायित्वाच्या विम्याकडे अधिक आशेने पाहिले. डॉक्टर हा त्यांना हवाहवासा गिऱ्हाईक होता: वेळेवर हप्ता भरणारा, संघटनेत बांधलेला, एकाला विकले की दहांची नावे देणारा. संघटनांनी आपल्या सभासदांसाठी गट पॉलिसी घासाघीस करून मिळवल्या. याला समांतर, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखांनी स्वतःच्या संरक्षण योजना चालवल्या: सभासदांची वर्गणी, त्यातून निधी, आणि मुख्य म्हणजे कज्जा आल्यावर कागद वाचून देणारे त्याच विषयातले डॉक्टर. लंडनच्या १८८५ च्या कल्पनेशी हे जास्त जुळते. मला यात जमेची बाजू दिसते ती बचावाच्या गुणवत्तेची. कंपनीचा वकील अनेकदा गर्भाशय आणि पित्ताशय यांच्या फायली एकाच गठ्ठ्यात हाताळत असतो.

कंपन्यांची स्पर्धा मात्र मुख्यतः हप्त्यावर झाली. नवा एजंट येतो, जुन्यापेक्षा कमी दर सांगतो, डॉक्टर कंपनी बदलतो. नव्या पॉलिसीवर जुनी रेट्रोॲक्टिव्ह डेट चढवून घेतली नाही, तर थोड्या रुपयांच्या बचतीत मागची सगळी वर्षे उघडी पडतात. हे नोटीस येईपर्यंत कोणालाच कळत नाही. विशेष म्हणजे विमा दलाली करणाऱ्या परवानाधारक ब्रोकरला नियमानेच स्वतःची इन्डेम्निटी पॉलिसी घ्यावी लागते, पण गावोगाव पॉलिसी विकणाऱ्या एजंटाला ते बंधन नाही.

याच काळात भरपाईचे आकडे चढले. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये १९९० मध्ये झालेल्या शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली लुळ्या पडलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली १ कोटी रुपये दिले. २०१३ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयाच्या प्रकरणात, जिथल्या रुग्ण तरुणीचा शेवट १९९८ साली मुंबईत ब्रीच कँडीत झाला होता, ५ कोटी ९६ लाख रुपये आणि वर व्याज मंजूर झाले. १९६८ च्या ३,००० पासून इथवर पंचेचाळीस वर्षे. काही लाखांच्या मर्यादेवर समाधान मानणारे डॉक्टर त्यानंतर कोटीची चौकशी करू लागले. फौजदारीच्या बाजूने २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने डॉक्टरांना दिलासा दिला: ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा असल्याशिवाय गुन्हा नाही, आणि त्याआधी शक्यतो सरकारी सेवेतल्या स्वतंत्र डॉक्टरचे मत. त्यामुळे वादाचा भार पैशाच्या भरपाईवर, म्हणजे विम्याच्या टेबलावर, आणखी सरकला.

मोठा बदल झाला तो २० जुलै २०२० ला, नवा ग्राहक संरक्षण कायदा अमलात आला तेव्हा. विधेयकाच्या मसुद्यात असलेला आरोग्यसेवेचा उल्लेख कायद्याच्या व्याख्येतून गळला होता, म्हणून डॉक्टर आता सुटले असा दावा मुंबई उच्च न्यायालयात केला गेला. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने याचिका ५०,००० रुपये खर्चासह फेटाळली. पुढच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दारे लावली. पण या गाजावाजात दोन कलमांकडे फार कमी लोकांनी पाहिले. जुन्या कायद्यात किती भरपाई मागितली यावरून कोणत्या मंचाकडे जायचे ते ठरे. आता किती मोबदला दिला, म्हणजे बिल किती झाले, यावरून ठरते. ५० लाखांपर्यंतचे बिल असेल तर जिल्हा आयोगाकडे, म्हणजे पूर्वीच्या जिल्हा मंचाकडे, जायचे. मागणी मग कोटीची का असेना. आणि तक्रारदार आता जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाऊ शकतो.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीचा माणूस मणक्याच्या शस्त्रक्रियेला पुण्याला गेला आणि बिघडून परत आला, तर त्याला पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. तो जालन्यात तक्रार लावतो. बिल ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा लागत नाही. पुण्याच्या सर्जनने, त्याच्या रुग्णालयाने आणि त्यांच्या विमा कंपनीने जालन्याला वकील उभा करायचा. १९६३ नंतर ज्या अंतराने आणि काळाने खोडवा कुटुंबाला पिळून काढले, ते अंतर आता उलट्या बाजूने चालावे लागते. या बाजारातला गेल्या तीस वर्षांतला हा सर्वांत मोठा बदल आहे असे मी मानतो, आणि तो कोणत्याही कंपनीने घडवलेला नाही. आपल्या पॉलिसीच्या माहितीपत्रकात ‘तालुक्यापर्यंत कायदेशीर मदत’ अशी ओळ छापून स्पर्धा करण्यापेक्षा, जिल्हा आयोगासमोर वैद्यकीय कागद नीट वाचू शकणारा वकील देण्यात कंपन्यांनी स्पर्धा केली, तर डॉक्टरचेही भले होईल आणि रुग्णाचा खटलाही रेंगाळणार नाही.

सगळ्या पेशांना हे लागू झालेले नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवले. डॉक्टरांबाबतच्या १९९५ च्या निकालाचा फेरविचार व्हावा असेही त्या खंडपीठाने सुचवले होते, पण मोठ्या खंडपीठाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याची गरज मानली नाही. डॉक्टर आत, वकील बाहेर.

आणि आणखी एक माणूस बाहेर आहे. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथला रुग्ण ग्राहक नाही, केसपेपरची नाममात्र फी म्हणजे मोबदला नव्हे, हे १९९५ च्याच निकालात आहे. २०२४ मध्ये जालन्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मंठ्याची, बदनापूरची गरीब माणसे तिथल्या रुग्णालयात येतील. तिथे चूक झाली तर त्यांना आयोग नाही, दिवाणी कोर्टाचीच वाट. अपवाद फक्त एका शस्त्रक्रियेचा आहे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांतल्या मृत्यूंविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश दिल्यावर केंद्राने विमा योजना आणली, ती २०१३ पासून राज्यांमार्फत चालते. शस्त्रक्रियेमुळे रुग्णालयात किंवा घरी गेल्यावर सात दिवसांत मृत्यू झाला तर २०१३ च्या योजनेत २ लाख रुपये, तेही कोणाचा दोष सिद्ध न करता. आणि डॉक्टरवर दावा आला तर त्याच्या बचावासाठीही प्रत्येक प्रकरणी २ लाखांपर्यंत तरतूद. म्हणजे सरकारला हे जमते. बाळंतपणात, अपेंडिक्समध्ये, मुलाला चुकीचे रक्त चढवण्यात जे घर उद्ध्वस्त होते, त्यालाही हीच योजना लागू करायला कायद्याची आडकाठी नाही. आरोग्य खात्याच्या अर्थसंकल्पात त्यासाठी एक शीर्ष उघडावे लागेल, आणि ते जालन्याच्या नव्या रुग्णालयापासून सुरू करता येईल.